पाच किलोंचा हट्ट

माझ्या बेस गिटारचा आवाज घुमवणारा जुना ॲम्प इतका जड होता, की ठेवताच स्टेज तिरकं व्हायचं. खोटं वाटत असेल तर ड्रमरला विचारा. माझ्या पाठीच्या ऑपरेशननंतर आमचा गायक म्हणाला, “आजी, तुमचा ॲम्प कोण उचलणार? आम्ही दुसरा बेसवाला बघतो.” पुढच्याच कार्यक्रमाला मी पाच किलोंचा नवा ॲम्प खांद्याला अडकवून हजर झाले. “डबा आणलात का?” म्हणत त्यानं तो खुर्चीवर ठेवला. मी जमिनीवर उतरवून कोपऱ्यात भिंतीला टेकवला. पाठीला आधार असला, की त्याचाही आवाज वाढतो. सर्वांत जाड तार छेडली, तसा गायकाचा पाण्याचा ग्लास स्टुलावरून चालत जाऊन त्याच्याच बुटात रिकामा झाला. कार्यक्रम संपल्यावर तो आपला स्पीकर जिन्यावरून ओढत धापा टाकत होता. मी करंगळीला ॲम्प लटकवून विचारलं, “हात लावू का, आजोबा?”