रेडिओवाल्याचं घर

खाकी पँटमधला माणूस सायकलवरून उतरला, तेव्हा भाईदासच्या हातात तीन बादशहा होते. असा हात माणसाला जन्मात एखाद्या वेळी येतो. पण त्या माणसाने तोंड उघडलं आणि भाईदासला बादशहांचा विसर पडला.

“रेडिओवाले भाईदास इथेच राहतात ना?”

इथेच. राहतात. कोरीट गावात अशी शुद्ध भाषा एक मास्तर बोलत, नाहीतर सरकार बोले. आणि मास्तरांना सगळं गाव ओळखत होतं. शिवाय याच्या खांद्याला चामड्याची पिशवी होती. भाईदासने पत्ते पालथे घातले.

पत्त्यांची भीती नव्हती. आज आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया होती. आखाजीला खानदेशात देवसुद्धा पत्ते खेळत असतील. शेजारी उखाच्या ओट्यावर, भर चौकात, सकाळपासून तीन पत्ती रंगली होती आणि कुणाच्या बापाला भ्यायचं कारण नव्हतं. भीती होती ती समोर त्याच्या स्वतःच्या घरात गात असलेल्या रेडिओची. रेडिओला तेव्हा सरकारी लायसन लागे आणि ते दरसाल पोस्टात जाऊन नवं करून घ्यावं लागे. भाईदासला पत्त्यांना वेळ मिळे. रेडिओवरच्या गाण्यांना, बातम्यांना, अगदी बाजारभावांनाही मिळे. पोस्टात जायला मात्र दोन वर्षांत मिळाला नव्हता. गेल्याच महिन्यात तापीकाठच्या एका गावात असाच एक सायकलवाला आला आणि कुणाचा तरी रेडिओ उचलून घेऊन गेला, असं कानावर होतं.

भाईदासने डोळ्यांनी खूण केली. उखाची बायको दगूबाई मागल्या दाराने निघाली. थोड्या वेळाने झोक्यावरच्या पोरींच्या गाण्यांत मिसळलेलं समोरचं गाणं ओळीच्या मध्येच तुटलं. रेडिओ ज्वारीच्या कणगीत गेला.

तो माणूस समोरच्या छपराकडे बघत होता. एरियलच्या तारेकडेच बघत असणार. मग त्याने चौकशी सुरू केली. घर स्वतःचं का, खण किती, माणसं किती, रेडिओ कधी घेतला, पत्ते रोज चालतात की सणापुरतेच. एवढं सगळं सरकारला कशाला हवं, हे भाईदासला कळेना. पण चोराच्या मनात चांदणं. प्रत्येक प्रश्नागणिक त्याला आपला रेडिओ सायकलच्या कॅरिअरवर बांधलेला दिसू लागला.

त्या घरात रेडिओ ही नुसती चैन नव्हती. त्याची मुलगी रमिला लग्नाची होऊन बसली होती. तिच्या बरोबरीच्या पोरी आज लेकरं घेऊन माहेरी आल्या होत्या, झोक्यावर बसून गाणी म्हणत होत्या. तिला स्थळं आली आणि गेली, दरवेळी कारण एकच: बाप जुगारी. रेवाबाई, त्याची बायको, त्यावरून त्याच्याशी धड बोलत नव्हती. रमिला मात्र कधी काही बोलली नाही. संध्याकाळी ती रेडिओला कान लावून बसे. पोरीला नवरा मिळवून देता आला नाही, निदान तिची गाणी तरी कुणी नेऊ नयेत, एवढंच भाईदासचं म्हणणं होतं.

उखाने परस्पर सांगून टाकलं की भाईदास गावात नाही, सुरतेला गेलाय.

मग वहिनींनाच भेटतो, म्हणत माणूस समोरच्या घराकडे वळला. नवऱ्याला वाचवायला रेवाबाई खोटं बोलेल, ते दिवस केव्हाच सरले होते. पण थोडं पुढे जाऊन माणूस थबकला. आखाजीचा सण आणि या घरात एवढी सामसूम कशी, असं त्याने विचारलं.

भाईदास ओट्यावरून खाली आला. पुढचं आपल्या तोंडातून कसं निघालं ते त्यालाही कळलं नाही.

“नका जाऊ तठे, साहेब. भाईदास सुरतलेच मरी गया. काल तार वनी. घरमा सुतक शे.”

उखाच्या हातातले पत्ते गळून पडले. दुःखाने पडले असं वाटावं म्हणून त्याने ते तसेच राहू दिले.

माणसाने टोपी काढली. त्या मुक्या घराकडे तो बराच वेळ बघत राहिला. तुम्ही त्यांचे कोण, म्हणून त्याने विचारलं. भाईदास म्हणाला, शेजारी. त्याला आता हलकं वाटत होतं. मेलेल्या माणसाकडे लायसन मागणारं सरकार अजून निघालं नव्हतं.

मग तो माणूस बोलला, आणि त्याची भाषाच बदलली.

“मी पोऱ्याना मामा. रमिलाले मांगाले वनथू. पण सुतकना घरमा सोयरीकनी गोट काढतस नही. पाऊस लागाना पहिले आमले लगीन उरकानं शे, मंग आते फुडला गावनी पोर देखी लेस.”

सोयरीक काढण्याआधी गावात गुपचूप चौकशी करायची, हा रिवाज भाईदासला ठाऊक नव्हता असं नाही. भाच्याच्या वेळी तो स्वतः असाच सायकलवरून गावोगाव हिंडला होता, आणि कुणाला ओळख लागू नये म्हणून मास्तरांसारखा बोलला होता. रमिलाला मागणी घालायला आलेला माणूस पुढच्या गावची मुलगी बघायला निघाला होता. भाईदास धावला. सायकलचं हँडल त्याने दोन्ही हातांनी धरलं. लायसन गेलं खड्ड्यात, रेडिओही गेला खड्ड्यात, आता सगळं सांगून टाकायचं.

“पाहुणा, थांबा,” एवढं तो बोलला.

माणसाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

“तुमना दोस्त व्हता, वाईट वाटीच. तो पत्ता खेळस, हाई आमना बी कानवर व्हतं. पण मन्हा दाजी, पोऱ्याना बाप, बोलना, सोयरीक तठेच करानी. जो भर चौकमा बठीसन खेळस, तो मानूस कवयच खोटं बोलत नही.”