शालन मॅडमचं हेल्मेट

"काका, उद्या हॉकीची फायनल आहे. शालन मॅडमचं हेल्मेट द्या ना. ते घातलं की गोल होतच नाही," गोलकीपर तृप्ती म्हणाली.

भिकाजींनी कपाटावरून हेल्मेट काढलं. त्यांची बायको शालन ते घालून बारा वर्षं खेळली. शेवटचा चेंडू कपाळावर बसला तेव्हाही तेच डोक्यावर होतं. ती हसत उठली, घरी येऊन झोपली आणि पुन्हा उठली नाही.

त्यांनी आतल्या फोमवर अंगठा दाबला. पडलेला खड्डा भरलाच नाही.

"या फोममध्ये जीव राहिला नाही, पोरी."

"पण काका, लकी आहे ते!"

"तीही असंच म्हणायची."

भिकाजींनी करवत आणून हेल्मेटचे दोन तुकडे केले. हनुवटीचा पट्टा तेवढा खिशात ठेवला. मग चपला पायात सरकवल्या.

"चल, दुकान बंद व्हायच्या आत नवं घेऊ."