निषादची उचकी

भेंडी चिरताना ऋजुताला निषादचा फोन आला. नातं तुटल्यानंतरचा हा पहिलाच.

"माझं प्रोफाइल बघणं, उक्, बंद कर. सकाळपासून पाणी पिऊन पोट फुगलंय. थोड्या वेळात मुलाखत आहे माझी."

ऋजुताचे कान तापले. कोणी प्रोफाइल बघत असलं की ते ज्याचं असेल त्याला कानामागची चिप उचकी आणत असे. बघणाऱ्याचं नाव चिप सांगत नसे, तरीही ऋजुताने स्वतःला मोठ्या निग्रहाने आवरलं होतं.

"मी नाही बघत. शपथ."

"मग दुसरं कोण बघणार मला?"

हे खरं होतं. तेवढ्यात बाहेरच्या खोलीतून "अरे वा!" ऐकू आलं आणि लगेच फोनमध्ये उचकी. ऋजुता तरातरा बाहेर गेली. बाबा टॅब नाकाशी धरून बसले होते.

"बाबा, तुम्ही?"

"अगं, त्याच्या टोमॅटोंवर कीड होती. औषध मीच सांगितलं होतं ना."

तिने डोळे घट्ट मिटून टॅब ओढून घेतला आणि बंद केला.

"थांबली," निषाद म्हणाला. "काका होते का? मुलाखत एकला संपेल. त्यानंतर खुशाल बघा म्हणावं."

तिने निरोप दिला. "तूही बस तेव्हा," बाबा म्हणाले.

"मला काही बघायचं नाहीये," असं बजावून ती भेंडीकडे वळली.

एक वाजला तेव्हा बाबा आरामखुर्चीत घोरत होते. ऋजुताने थोडी वाट पाहिली आणि मग त्यांना हलवून उठवलं.