वाचन उत्तम

"हे कारड तुमीच धाडलं काय बाई?" असं विचारत कुंता नागभीडला जयाबाईंच्या माहेरी दारात उभी राहिली, तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. तिच्यामागं तिची आचल, नुकतीच दुसरी पास झालेली, तापल्या फरशीवर एकेक पाय उचलत उभी होती.

कार्ड जयाबाईंचंच होतं, खाली पत्ताही इथलाच होता. त्या कुंताच्या गावच्या शाळेत दुसरीचा वर्ग शिकवत. सुट्टीत पोरं वाचायचं विसरतात आणि शाळा उघडली की पुन्हा बाराखडीपासून गाडी सुरू करावी लागते, म्हणून यंदा माहेरी आल्या आल्या त्यांनी वर्गातल्या अडतीसही मुलांना एकेक पोस्टकार्ड टाकलं होतं. टपोरं अक्षर, सोपी वाक्यं. एखाद्याला वगळणं बरं दिसत नाही. केंद्रप्रमुखांनी तर भर बैठकीत या कल्पनेचं कौतुक केलं होतं. बाईंनी दोघींना आत घेतलं, माठातलं पाणी दिलं आणि कुंता पुढं काही बोलायच्या आधीच म्हणून टाकलं की काही चुकलं असेल तर माफ करा. चोराच्या मनात चांदणं.

कुंतानं सांगितलं ते असं. पोस्टमन कार्ड टाकून पुढं गेला. घरात वाचणारी एकटी आचल. तिनं ओळीवर बोट ठेवलं आणि घडाघडा वाचलं, की पत्र नव्हे तार समजून निघून येणे, तब्येत सिरियस आहे. गेल्या साली कुंताची आई गेली तेव्हाही असंच कार्ड आलं होतं, अगदी याच शब्दांचं. नवरा इस्तारी माजरीला, कोळशाच्या खाणीकडं, एका कंत्राटदाराच्या हाताखाली कामाला. आता त्याचंच काहीतरी झालं, असं कुंतानं धरलं. पोरीला काखोटीला मारून, एसटी बदलत, वाटभर रडत तिनं माजरी गाठली. इस्तारी अयूबभाईच्या टपरीवर चहा पीत बसला होता.

अयूबभाईनं कार्ड वाचून दाखवलं. त्यात कोंबडीच्या पिल्लांची चौकशी होती. टपरीवरची माणसं पोट धरून हसली. इस्तारी हसला नाही. दोन वर्षं शाळेत घालून पोरीला अक्षर कळत नसेल तर नाव काढून टाक आणि तिला तेंदूपत्ता तोडायला ने, असं त्यानं सगळ्यांदेखत कुंताला बजावलं. आता शाळेच्या बाई काय म्हणतात ते ऐकून निकाल लावायचा, म्हणून कुंता परतीच्या वाटेवर इथं उतरली होती.

"तुमीच खरं सांगा बाई," ती म्हणाली. "पोरीले वाचता येते का नाई?"

आचलच्या प्रगतिपुस्तकात बाईंनी स्वतःच्या हातानं 'वाचन उत्तम' असं लिहिलं होतं. मार्चमध्ये साहेब तपासणीला आले तेव्हा वाचायला उभी केली होती तीही आचलच. तिनं धडा असा म्हटला की साहेबांनी खिशातला पेन काढून तिला दिला आणि शेऱ्यात बाईंचं नाव घातलं.

जयाबाईंनी कार्ड हातात घेतलं आणि मोठ्यानं वाचलं. प्रिय आचल, तुमच्या काळ्या कोंबडीला किती पिल्लं झाली? तू त्यांची नावं ठेवलीस का? शाळेत आलीस की मला सांग. रोज थोडं वाच. मग ते कार्ड पोरीपुढं धरून त्यांनी तिला वाचायला सांगितलं.

आचलनं बोट ठेवलं आणि वाचलं. एक शब्द इकडचा तिकडं झाला नाही. बाई जिथं थांबल्या होत्या तिथं तीही थांबली. 'रोज थोडं वाच' म्हणून झालं तेव्हा बोट मधल्याच ओळीवर होतं. कुंताला त्यातलं काय कळणार? तिचा चेहरा उजळला. जयाबाईंना मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्या दिवशी पोर घाबरली असेल, त्या म्हणाल्या. चूक माझीच, असं कार्ड येणार आहे हे मी आधी सांगायला हवं होतं. इस्तारीभाऊंना सांगा, बाईंनी समोर बसून ऐकलं म्हणून. जीभ अडखळेल असं त्यांना वाटलं होतं. ती जराही अडखळली नाही, याचीच त्यांना जास्त लाज वाटली. खरं बोललं तर पोरीचं नाव शाळेतून जाईल, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. साहेबांच्या शेऱ्यातलं आपलं नावही जाईल, हे त्या मनाशीसुद्धा बोलल्या नाहीत.

मग त्यांनीच गळ घातली. शाळा उघडेपर्यंत आचलला माझ्याकडं राहू द्या, माझ्या पोरांबरोबर खाईल, दोन अक्षरं वाचेल. कुंता पहिल्यांदाच हसली.

"कायले बाई? तिले तं येते वाचता. तुमीच तं म्हन्लं आता."

घरी तेंदूपत्त्याचे पुडे बांधायला माणूस कमी पडतं, असंही ती म्हणाली. तिचं खरंच होतं. कुंतानं पदर खोचला, बाईंच्या पायाला हात लावला आणि बस चुकेल म्हणत पोरीला उठवायला लागली.

आचल उठली नाही. आईचा हात सोडवून ती भिंतीला टेकून बसली. तिनं जयाबाईंकडं एकदा पाहिलं. रागानं नाही, वर्गात पाणी प्यायला जाऊ का विचारताना पाहायची तसंच.

"मले नाई येत आई," ती म्हणाली. "मले राहू दे इथी. बाईले पयलेपासून मालूम हाये."