रजईतला हॉर्न

सासूबाई भर उन्हाळ्यात काखेत रजई मारून दुकानाची पायरी चढल्या, तेव्हा पोंपोंशेठ ट्रकचा हॉर्न तपासत होता. हॉर्नदुरुस्तीचा धंदा, म्हणून सगळी गल्ली त्याला पोंपोंशेठच म्हणायची. त्याच्या हॉर्नचा दणका असा, की समोरच्या घरातल्या चहावरची साय दुभंगायची आणि कावळे उडता उडता दिशा विसरायचे. खोटं वाटत असेल तर कावळ्यांना विचारा.

"आधी तो भोंगा बंद कर!" सासूबाई ओरडल्या.

"काय?" शेठही ओरडला.

सासूबाईंनी त्याचं बोटच बटणावरून उचललं. "वर माझी सून झोपेसाठी तळमळतेय. इस्पितळात रात्रपाळी करते पोर. काल तिनं एका खाटेच्या गोळ्या दुसऱ्या खाटेवर ठेवल्या. पेशंटच हुशार, म्हणून निभावलं. आज पुन्हा अशीच न झोपता कामावर गेली, तर?"

शेठचा चेहरा उतरला.

"काकू, मी काय हौसेनं वाजवतो? या धंद्यात माझेच कान गेले. एकदा वाजवून बरा झालाय की नाही कळत नाही. मग बसतो वाजवत. आणि न तपासता दिला, वळणावर वाजलाच नाही, तर याचं काय?"

'हा' म्हणजे ट्रकवाला. फळीवर बसला होता. डोळे लाल. कुठल्या कुठल्या रस्त्यांवरची झोप त्याच्या पापण्यांवर थकून बसली होती.

सासूबाईंनी रजई पसरली. बाळाला गुंडाळावं तसा हॉर्न तिच्यात गुंडाळला.

"कान गेले, हात आहेत ना शाबूत? माझं शिलाई मशीन बिनसलं की आधी माझ्या बोटांना कळतं. ठेव तळवा. आता दाब."

रजईत काहीतरी गुरगुरलं. दूध पिऊन पडलेल्या मांजरासारखं. शेठनं डोळे मिटले.

"आतला पडदा सैल आहे," तो पुटपुटला. त्यानं हॉर्न बाहेर काढला, स्क्रू आवळला, पुन्हा गुंडाळला, पुन्हा तळवा ठेवला. आणि एकदम खदखदून हसला. "काकू! आता बघा कसा एकसारखा थरथरतोय!"

"मेल्या, हळू!"

"काय?"

सासूबाईंनी त्याच्या तोंडावर हात ठेवला.

दिवस कलला तेव्हा सून खाली उतरली. केस विस्कटलेले, गालावर उशीची नक्षी उमटलेली. दुकानापुढे गिऱ्हाइकांची रांग होती. जो तो आपापला हॉर्न तान्ह्या लेकरासारखा कुशीत धरून गुपचूप उभा. आत फळीवर ट्रकवाला रजईवरच डोकं टाकून घोरत होता, आणि रजईवाचून शेठचं काम खोळंबलं होतं.

सुनेनं डोळे चोळले. "आई, आज दुकान बंद होतं का हो?"

सासूबाई तोंड उघडणार, तोच पोंपोंशेठनं ओठांवर बोट ठेवलं.

"शूऽऽ," तो म्हणाला. त्याच्या मानानं अगदी हळू. "झोपलाय."