बरोबर बसलेलं माप

सांतानने गिटार उभी धरली आणि गादीवाल्या दस्तगीरचाचांनी तिच्या पोटाभोवती टेप फिरवला. "एवढी जाड कशी?"

"काकांनी केलीय. जन्मभर शवपेट्या केल्या, मग हात त्याच खोल मापावर बसलेला."

दोन वर्षं शोधूनही वसईपासून मुंबईपर्यंत एकाही दुकानातली बॅग तिला होत नव्हती. सगळ्यांची चेन अर्ध्यावरच अडायची. रविवारी चर्चच्या सणाला तो पहिल्यांदाच वाजवणार होता, आणि स्कूटरवर नेताना काकांची ही शेवटची वस्तू आधीच दोनदा खरचटली होती. चाचांनी कापूस भरून पिशवी शिवायचं कबूल केलं आणि गिटार ठेवून घेतली.

रविवारी सकाळी पिशवी तयार होती. कुठे सुरकुती नाही, कुठे सैल नाही. सांतानला भरून आलं. फक्त चेन सापडेना.

"आत ठेवून चारी बाजूंनी शिवलीय," चाचा म्हणाले. "गादीचं तोंड मी आजवर उघडं सोडलेलं नाही. दहा वर्षं उसवणार नाही."

सांतानने कात्री मागून घेतली, पण इतकं नेमकं बसलेलं माप त्याच्याने कापवेना. त्याने ती तशीच चर्चमध्ये नेली आणि पुढच्या बाकावर अलगद आडवी ठेवली.

ते लांबट, पांढरं, घट्ट शिवलेलं गाठोडं बघून फादर थबकले. त्यांनी क्रूसाची खूण केली.

"कोण गेलं, सांतान?"

सांतान शिवणीवरून हात फिरवत राहिला. "माप मात्र अगदी बरोबर बसलंय, फादर."