पाट्यांची पारख

शुक्रवार, दिनांक ७ फेब्रुवारी २०२५ रोजी सकाळी साडेदहा वाजता, आळेफाट्याजवळ नाशिक रस्त्यालगतच्या सोनबा मिस्त्रींच्या पत्र्याच्या शेडमध्ये, कुंडलिकची जीप जॅकवर चढवण्यात आली. मागच्या दोन्ही चाकांवरच्या कमानी बदलायच्या होत्या. डावी तुटलेली कमान पोलिसांकडे जमा होती. उजवी अजून जागेवर होती.

गेल्या मे महिन्यात याच जीपच्या झिजलेल्या कमानी सोनबांनी दुरुस्त केल्या होत्या. चौथ्या दिवशी आहुप्याच्या वळणावर जीप दरीच्या बाजूला ओढली जाऊन उलटली आणि मागे बसलेल्या प्रयागबाई जागच्या जागी गेल्या. चालवत होता कुंडलिकचा धाकटा भाऊ अमृत. आधी कमान तुटली, मग गाडी ओढली गेली, असे अमृतचे म्हणणे. गाडी बेफाम हाकल्यामुळे उलटली आणि उलटताना कमान तुटली, असे पोलिसांचे. या दोहोंमध्ये निवाडा करू शकेल असा पुरावा एकच होता, आणि तो म्हणजे सोनबांचा जबाब. बसवलेला प्रत्येक पाटा आपण वाजवून पाहिला होता, एकातही तडा नव्हता, असे त्यांनी लिहून दिले होते. सोमवारी कोर्टात ते तेच शपथेवर सांगणार होते.

त्या जबाबावर शंका घेण्याची छाती कोणाला नव्हती, आणि ते स्वाभाविकही होते. कमान म्हणजे एकावर एक रचलेले सात पोलादी पाटे. दुरुस्तीत बसके पाटे टाकून द्यायचे आणि चांगले पुन्हा वापरायचे, अशी रीत. पाट्याच्या पोटातला तडा डोळ्यांना दिसत नाही. हातोडी मारली की मात्र अखंड पाटा घुमतो आणि तडकलेला बद्द बोलतो. सोनबा तीस वर्षे पाटे असेच निवडत आले होते.

कुंडलिकबरोबर गेणभाऊ आले होते. सरकारी कार्यशाळेतून निवृत्त झालेले हे गृहस्थ अमृतच्या वकिलांनी सोबत धाडले होते. धुळीसाठी त्यांनी तोंडाला रुमाल बांधला होता.

"पावणं, आदी रुमाल सोडा," सोनबा म्हणाले. "तोंड झाकलेल्या माणसाशी मी बोलत न्हाई. चोर का साव, कळाया नको?"

गेणभाऊंनी हसून रुमाल सोडला. "मिशा पिकल्या राव. आता कुटं चोरी करू?"

"पिकल्या मिशीचंच लई भ्या वाटतं," सोनबा म्हणाले आणि जीपखाली शिरले.

उजवी कमान उतरली. बोल्ट सुटला, सातही पाटे मोकळे झाले. सोनबा हात पुसत उभे राहिले. कुंडलिकने चाचरत विचारले,

"मिस्त्री, त्या दिवशी एखांदा पाटा चुकून ऱ्हायला असंल का?"

सोनबांची बायको बाळाबाई चहा घेऊन आली होती. ती नवऱ्यासमोर जाऊन म्हणाली, "एखांदा पाटा ऱ्हायला असंल का, इचारत्यात." ऐकलेला प्रश्न पुन्हा म्हणून दाखवण्याची तिची खोड गिऱ्हाइकांच्या परिचयाची होती. दुकान नवऱ्याचे आणि वकिली बायकोची, अशी थट्टाही होत असे.

सोनबांचा चेहरा ताठरला. "कुंडलिक, तुज्या भावाचं मला वाईट वाटतंय. म्हून मी कोर्टात खोटं बोलू?"

"खोटं नगा बोलू. पण अमृत आत जाईल, मिस्त्री. त्याची लेक अजून रांगतीय."

"परयागबाईची लेक रडतीय, तिला काय सांगू? एकूण एक पाटा वाजवलाय म्या."

कुंडलिकची मान खाली गेली.

आता गेणभाऊ सोनबांच्या समोर येऊन सावकाश म्हणाले, "मिस्त्री, ही उजवी कमान बी त्याच दिवशी केली ना तुमी? हिचेच पाटे वाजवून दावा. तुमची पारख बगू द्या एकदा."

सोनबांना हे आव्हान आवडले असावे. त्यांनी पहिला पाटा आढ्याच्या तारेला टांगला, डोळे मिटले, कान जवळ नेला आणि हातोडी मारली.

"ठणठणीत."

दुसरा टांगला. "ठणठणीत."

तिसऱ्या पाट्यावर हातोडी पडली तेव्हा रस्त्यावरून कांद्याचा ट्रक धडधडत गेला. सोनबांनी क्षणभरही वाट पाहिली नाही. "ठणठणीत," ते म्हणाले.

"हा परत एकदा," गेणभाऊ बोट वर करून म्हणाले.

सोनबांनी पुन्हा हातोडी मारली, पुन्हा तोच निर्वाळा दिला. गेणभाऊंनी केवळ मान डोलावली. कुंडलिकला वाटले, संपले सारे. वकिलांचा माणूसही मिस्त्रींच्या बाजूला गेला.

चौथा पाटा तारेला लागला. गेणभाऊ चहाचा कप हातात घेऊन सोनबांच्या पाठीमागे दोन हातांवर जाऊन उभे राहिले. सोनबांनी डोळे मिटले.

"मिस्त्री," गेणभाऊ खड्या आवाजात म्हणाले, "पळा! मागं दुकान पेटलंय!"

कुंडलिक दचकून उडाला. बाळाबाईच्या हातातली किटली खाली आदळली, झाकण घरंगळत रस्त्यापर्यंत गेले. आग कुठेच नव्हती. गेणभाऊ शांतपणे चहा पीत होते.

सोनबा जागचे हलले नाहीत. मिटल्या डोळ्यांनी पाट्याला कान लावून, सर्वांनी गप्प राहावे म्हणून त्यांनी एक बोट वर धरले होते. त्यांनी हातोडी मारली.

"ठणठणीत," ते म्हणाले.

बाळाबाई कुंडलिककडे वळली. नवऱ्याला तोंड दिसू नये म्हणून तिने पदर ओठांवर ओढून घेतला.

"चार वरसं झाली, भाऊ. त्येंना काय बी ऐकू येत न्हाई."